पणजीचं खत आणि जॉर्जियातली जमीन

वाचकाचं पत्र

ताई, मी मूळची सिन्नरची. लग्नानंतर अमेरिकेत आले, आता जॉर्जियात कमिंगला राहते. नवरा अमेरिकन, ओक्लाहोमात वाढलेला. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात जुने कागद निघाले. त्यात नवऱ्याच्या पणजीच्या, म्हणजे सासूबाईंच्या आजीच्या, नावाचं चेरोकी नेशनचं, म्हणजे चेरोकी आदिवासींच्या राष्ट्राचं, जमिनीच्या मालकीचं खत आहे आणि त्यावर रोल नंबर आहे. १९१३ साली तीच जमीन विकल्याचा कागदही सोबत आहे. सासूबाई याबद्दल आयुष्यात एक अक्षर बोलल्या नाहीत.

नवरा भारावून गेलाय. त्याने डीएनए चाचणीचा संच मागवलाय. चेरोकींची मूळ भूमी इथे उत्तर जॉर्जियातच होती, ‘आपण नकळत घरी परत आलो’ असं तो म्हणतो आणि डोंगरात दोन एकर घ्यायचं म्हणतो. सोळा वर्षांची लेक विचारते, मी चेरोकी आहे का, कॉलेजच्या अर्जात तसं लिहू का? मला वाटतं, त्या डोंगरावर जाऊन ओटी भरावी, नारळ वाढवावा, चिमूटभर माती आणून देवघरात ठेवावी. हे चालेल का? आणि या सगळ्यात मी कोण?

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. पण त्याआधी त्या डब्यातल्या कागदांबद्दल बोलू, कारण तुमच्या घरातल्या तिघांच्याही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

‘आमच्यात कुणी चेरोकी पणजी होती’ असं सांगणारी घरं अमेरिकेत लाखोंनी आहेत. २०१० च्या जनगणनेत आठ लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला चेरोकी म्हणून नोंदवलं होतं. त्यातल्या पुष्कळांकडे नुसती ऐकीव गोष्ट असते. अनेकदा त्या गोष्टीत एक राजकन्याही असते, आणि चेरोकींमध्ये राजे-राण्या नव्हत्याच. तुमच्याकडे रोल नंबर आहे. १८९८ पासून पुढच्या काही वर्षांत अमेरिकन सरकारच्या डॉझ आयोगाने ओक्लाहोमातल्या पाच आदिवासी राष्ट्रांच्या लोकांची मोजदाद केली. त्या अंतिम यादीत एक लाखावर नावं आहेत आणि तुमच्या नवऱ्याची पणजी त्यांतली एक आहे. चेरोकी नेशनचं नागरिकत्व आजही याच यादीवर ठरतं. यादीतल्या माणसाचे तुम्ही थेट वंशज आहात, हे जन्म-मृत्यूच्या दाखल्यांनी पिढी-पिढीने जोडून दाखवायचं. रक्ताचा किती हिस्सा, याची किमान अट तिथे नाही. डीएनएचा तर काहीच उपयोग नाही, ती चाचणी कुणालाही कुठल्याही राष्ट्राचा नागरिक करत नाही. तो संच परत पाठवता येत असेल तर पाठवा.

इथे एक खबरदारी. अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता असलेली चेरोकी राष्ट्रं तीनच. ओक्लाहोमातल्या टालेक्वाची चेरोकी नेशन, टालेक्वाचाच युनायटेड किटुवा बँड, आणि नॉर्थ कॅरोलिनाचा ईस्टर्न बँड. किटुवा बँडला एक चतुर्थांश रक्त लागतं. ईस्टर्न बँडला १९२४ च्या बेकर रोल या यादीतला पूर्वज आणि एक सोळांश रक्त लागतं. तुमच्या घराचा संबंध पहिल्या राष्ट्राशी आहे. बाकी चेरोकी नावाने चालणारे, वर्गणी घेऊन कार्ड देणारे कितीतरी गट तुम्हाला भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

नवऱ्याला सांगा, नंबर मिळाला म्हणून थांबू नकोस, त्यामागची फाइल मागव. डॉझ आयोगापुढे प्रत्येक कुटुंबाला साक्ष द्यावी लागली. आईबापांची नावं, कुठे राहता, आधीच्या कुठल्या यादीत नाव होतं, असे प्रश्न विचारून उत्तरं टंकित केलेली असत. ही कागदपत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पणजी तेव्हा लहान असेल, तर तिच्या आईची किंवा वडिलांची साक्ष मिळू शकेल. १९०६ नंतर झालेल्या गायन मिलर यादीचे अर्जही पाहा. काढून नेल्या गेलेल्या ईस्टर्न चेरोकींच्या वंशजांना नुकसानभरपाई वाटायची होती, म्हणून अर्जदारांनी आजी-आजोबांपर्यंतची नावं त्यात लिहिली. अर्ज नामंजूर झाला असला तरी तो वाचण्यासारखा असतो.

आता ते खत पुन्हा हातात घ्या. नवऱ्याला त्यात ‘आपली जमीन’ दिसते. मला त्यात एक मोठं नुकसानही दिसतं, आणि ते त्याला नीट समजावं असं मला मनापासून वाटतं.

चेरोकींची जमीन राष्ट्राच्या सामाईक मालकीची होती. आपण बांधलेलं घर, लावलेली बाग, कसलेलं शेत ज्याचं त्याचं. खालची जमीन मात्र सगळ्यांची. ती विकायचा अधिकार एकट्यादुकट्याला नव्हता, तसं करणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. डॉझ आयोग आला तो हेच मोडायला. याद्या केल्या त्या लोकांना ओळख द्यायला केल्या नव्हत्या, जमिनीचे तुकडे करून माणशी वाटायला केल्या होत्या. म्हणूनच त्या खतावर चेरोकी नेशनच्या प्रमुखाचीच सही असते. आपल्याच राष्ट्राची भूमी तुकड्या-तुकड्याने वाटून देणाऱ्या कागदांवर त्याला सह्या कराव्या लागल्या. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. १९०८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अर्ध्याहून कमी रक्त नोंदलेल्यांच्या जमिनीवरचं विक्रीचं बंधन काढलं. अज्ञान मुलांच्या जमिनी काउंटी न्यायालयांनी नेमलेल्या पालकांच्या हाती गेल्या आणि त्यात अमाप लूट झाली. सज्ञान होणाऱ्या मुलामुलींच्या पाळतीवर जमिनीचे दलाल बसलेले असत. १९१३ ची ती विक्री या काळातली आहे. पणजीला किती पैसे मिळाले, ते त्या कागदावर असेल तर लेकीला वाचून दाखवा. ती जमीन कायद्याने परत मिळेल, अशी आशा मात्र धरू नका.

म्हणून दोन एकरांबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. डोंगरात टुमदार घर हवं असेल तर जरूर घ्या, ऐपत असेल तर कुणी अडवणार नाही. पण ‘पूर्वजांची जमीन परत मिळवली’ असं त्याला म्हणू नका. एका माणसाने आपल्या नावावर तुकडा घेणं म्हणजे डॉझने जे केलं, त्याच वाटेने चालणं. परत मिळवणं कसं असतं ते पाहायचं असेल तर नॉर्थ कॅरोलिनात ब्रायसन सिटीजवळ किटुवाला जा. चेरोकी ज्याला आपलं मातृग्राम मानतात, ती जागा दीडशेहून जास्त वर्षं त्यांच्या हातात नव्हती. १९९६ मध्ये ईस्टर्न बँडने ३०९ एकर विकत घेऊन ती राष्ट्राकडे आणली. तिथला मातीचा उंचवटा नांगरून नांगरून बसका झाला आहे, पण तो आता त्यांचा आहे, सगळ्यांचा मिळून.

आता तुमचा प्रश्न, यात तुम्ही कोण. त्याचं एक उत्तर तुमच्या स्वतःच्या कपाटात आहे. कमिंगच्या घराचं खरेदीखत काढा. मालमत्तेच्या वर्णनात ‘लँड लॉट’ अमुक, ‘डिस्ट्रिक्ट’ तमुक, ‘सेक्शन’ अमुक असे आकडे असतील. हे आकडे १८३२ च्या सोडतीतले आहेत. डालोनेगाच्या परिसरात १८२८-२९ च्या सुमारास सोनं सापडलं आणि जॉर्जिया राज्याने चेरोकींचा सगळा मुलूख मोजून त्याचे भाग पाडले. कुठे १६० एकरांचे, तर सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे. मग चिठ्ठ्या टाकून ते गोऱ्या रहिवाशांना वाटले. चेरोकी तेव्हा तिथेच राहत होते, आपापल्या घरात, आपापल्या शेतावर. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात निकाल दिला होता की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जियाचा कायदा चालत नाही. सोडत तरीही झाली. तुमची फोर्साइथ काउंटी त्याच १८३२ सालची, शेजारच्या काउंटीचं तर नावच चेरोकी.

तुम्ही सिन्नरहून आलात, यातलं काहीही तुम्ही केलेलं नाही. पण घराच्या त्या खतावर तुमचं नाव आहे. तुमची लेक एका बाजूने त्या भूमीवरून हाकललेल्यांच्या वंशातली, आणि दुसऱ्या बाजूने सोडतीत गेलेल्या त्याच भूमीवरच्या घरात वाढलेली. हे दोन्ही तिला एकत्र सांगायला तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. ‘मी बाहेरची, मी काय बोलू’ असं म्हणून मागे राहू नका. मला विचाराल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही खतं जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि तिघं मिळून वाचा.

नवऱ्याचं ‘आपण घरी परत आलो’ हे वाक्य मला खटकलं. का, ते सांगते. त्याच्या पूर्वजांना इथून काढलं त्याला १८० हून जास्त वर्षं झाली. १८३५ च्या डिसेंबरात न्यू एकोटाला मूठभर लोकांनी इथली भूमी सोडून देण्याच्या तहावर सह्या केल्या. मुख्य प्रमुख जॉन रॉस आणि राष्ट्राच्या सभेचा त्याला विरोध होता. १५,००० हून जास्त सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला, तरी सिनेटने अवघ्या एका मताच्या फरकाने तो तह मंजूर केला. १८३८ च्या मेपासून सैनिकांनी घराघरांतून माणसं बाहेर काढली, उन्हाळाभर छावण्यांत डांबली आणि त्या हिवाळ्यात पश्चिमेला चालवत नेली. सुमारे १६,००० माणसांपैकी ४,००० च्या आसपास मेली, असा अंदाज नेहमी दिला जातो. जी उरली त्यांनी टालेक्वाच्या आसपास पुन्हा सगळं उभं केलं. १८३९ मध्ये नवी राज्यघटना केली, न्यायालयं बांधली, शाळा काढल्या, सेक्वोया या चेरोकी माणसाने घडवलेल्या लिपीत वर्तमानपत्र पुन्हा छापलं. त्याची पणजी, आजी आणि आई त्या मातीत वाढल्या, तो स्वतः वाढला. मूळ भूमी शोधताना तो ओक्लाहोमा ओलांडून थेट जॉर्जियात येतो, आणि जिथे आज त्याचे जिवंत नातेवाईक आहेत, राष्ट्राचं सरकार आहे, भाषा बोलणारे म्हातारेकोतारे आहेत, ती जागा मधल्यामध्ये वगळतो. जॉर्जियाच्या डोंगरांशी नातं सांगायचं तर त्याची वाट टालेक्वाच्या माणसांमधून जाते. हे एकच मला या पत्रात ठासून सांगायचं आहे.

तेव्हा पहिला प्रवास तिकडचा करा. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, टालेक्वाला चेरोकी नॅशनल हॉलिडे असतो. १९५३ पासून तो साजरा होतो, त्याच १८३९ च्या घटनेच्या स्मरणार्थ. तिथे जाऊन कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. बसा, ऐका, जेवा. कुणी ‘कुठल्या घरातले’ विचारलं तर पणजीचं नाव सांगा. कुणी ते नाव ओळखण्याचीही शक्यता आहे.

नागरिकत्व मिळालं की नवरा मतदार होईल. राष्ट्राच्या सभेत १७ सदस्य आहेत, त्यांतले दोन राखीव क्षेत्राबाहेर राहणाऱ्या नागरिकांनी निवडलेले असतात. त्या दोघांची नावं त्याला ठाऊक असावीत, निवडणुकीत त्याने मत द्यावं. कार्ड पाकिटात ठेवून मिरवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं. आणि भाषा. २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी राष्ट्रांनी मिळून भाषेची आणीबाणी जाहीर केली, तेव्हा अस्खलित बोलणारे सुमारे २,००० उरले होते. चेरोकी नेशनचे ऑनलाइन वर्ग मोफत आहेत. लेकीला लिपीची ओढ लागेल असं मला वाटतं. ८५ अक्षरं आहेत आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक उच्चारखंड. देवनागरी वाचणाऱ्या मुलीला ती परकी वाटायची नाही.

लेकीचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. डॉझ यादीवरून ती चेरोकी नेशनची नागरिक होऊ शकते, तेवढा हक्क तिला बापाकडून येतो. कुळ मात्र वेगळं. चेरोकींची सात कुळं आईकडून येतात. आपल्याकडे गोत्र बापाचं लागतं, तिथे बरोबर उलट. म्हणजे पणजीचं जे कुळ असेल ते आजीकडून सासूबाईंपर्यंत आणि तिथून तुमच्या नवऱ्यापर्यंत आलं. त्याच्यापाशी ते थांबतं, कारण लेकीची आई तुम्ही आहात. काही जणांना हे ऐकून वाईट वाटतं. मला वाटतं, सोळा वर्षांच्या मुलीला हे सरळ सांगावं. नियम त्यांचे आहेत, त्यांच्या शब्दांत समजून घेण्यातच आदर आहे. आणि कॉलेजचा अर्ज? नागरिकत्व हातात आल्यावर ती खरं तेच लिहील, कुणी आक्षेप घेणार नाही. त्याआधी लिहू नये. ‘मी एक अष्टमांश की एक बत्तिसांश’ हे गणित तर तिला मांडूच देऊ नका. तो हिशेब सरकारी कारकुनांनी जमिनी सोडवून घेण्यासाठी वापरला होता.

आता जॉर्जिया. ही भूमी पाहूच नका, असं मी मुळीच म्हणत नाही. कॅल्हूनजवळ न्यू एकोटा तुमच्यापासून तासा-दीड तासावर आहे. चेरोकींची ती राजधानी. १८२८ मध्ये ‘चेरोकी फीनिक्स’ हे वर्तमानपत्र तिथे छापलं जाऊ लागलं. सभागृह आणि छापखाना पुन्हा उभारलेले आहेत, मिशनरी वूस्टरचं घर मात्र मूळचं. तिथून उत्तरेला, टेनेसीच्या हद्दीत, रेड क्ले. जॉर्जियाने सभा भरवायला बंदी केल्यावर राष्ट्राच्या शेवटच्या सभा त्या झऱ्याकाठी झाल्या. १९८४ मध्ये पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या चेरोकींची हकालपट्टीनंतरची पहिली संयुक्त सभा त्याच जागी भरली. दरवर्षी चेरोकी तरुण-तरुणी न्यू एकोटाहून टालेक्वापर्यंत पूर्वजांच्या वाटेने सायकलवर जातात, साधारण ९५० मैल. तुमची मुलगी सायकल चालवत असेल, तर तिला एवढं सांगून ठेवा.

कुटुंब नक्की कुठल्या खोऱ्यात होतं, हे कधीकधी कळू शकतं. १८३५ ची हेंडरसन गणना कुटुंबप्रमुखांची नावं देते. शेत किती, मका किती पिकला, घरात चेरोकी वाचणारे किती, इंग्रजी वाचणारे किती, सूत कातणाऱ्या किती, हेसुद्धा त्यात आहे. पुढच्या वर्षी मूल्यमापन करणाऱ्यांनी घरं, कुंपणं, पीचची आणि सफरचंदाची झाडं मोजून किमती लिहिल्या. साक्षीतून त्या पिढीचं नाव हाती लागलं, तर एखादा ओढा, एखादी बाग सापडेलही. त्याच गणनेत गुलामांचाही रकाना आहे, एकूण १,५९२. तुमच्या घराच्या नावापुढे तिथे आकडा निघाला, तर तो लपवू नका. त्या गुलामांचे वंशजही डॉझच्या वेगळ्या यादीत आहेत. नागरिकत्वासाठी त्यांना फार लांब झगडावं लागलं. २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतले, चेरोकी रक्ताची अट घालणारे ‘रक्ताने’ हे शब्द काढले, तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला.

ओटी आणि नारळाबद्दल: नको. तुमच्या मनातला भाव मला पूर्ण समजतो, भूमीला रिकाम्या हातांनी भेटायचं नाही हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. पण ती जागा दुसऱ्यांच्या श्रद्धेची आहे, त्यांनी न सांगितलेला विधी तिथे करू नये. किटुवासारख्या मातीच्या उंचवट्यावर चढू नका, दगड-माती उचलू नका. त्या मातीतून आजवर फार काही उचलून नेलं गेलंय. थडगी उकरून वस्तू संग्रहालयांत गेल्या, लिटल टेनेसीच्या खोऱ्यातली चोटा आणि टनासी ही जुनी गावं तर १९७९ मध्ये टेलिको धरणाखाली गेली. तुम्ही नमस्कार करा, तो पुरेसा आहे.

मातीशी हाताने काही करायची इच्छा असेल, तर त्याची रीतसर वाट आहे. चेरोकी नेशनची स्वतःची बियाणे बँक आहे. ती दरवर्षी आपल्या नागरिकांना मक्याची, घेवड्याची जुनी वाणं मोफत देते. २०२० मध्ये त्यातली काही नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजसाठ्यात ठेवली गेली. नवरा नागरिक झाला की त्याच्या नावाने मागवा, परसात लावा आणि पुढच्या वर्षासाठी बी धरून ठेवा. घेवडा मांडवावर कसा चढवायचा, हे सिन्नरच्या मुलीला मी सांगायला नको.

सासूबाई गप्प का राहिल्या, हे आता कळायचं नाही. भीती असेल, लाज असेल, किंवा त्यांच्या आईनेच तो डबा बंद करून हाती दिला असेल. त्यांनी फसवलं असं नवऱ्याला वाटू देऊ नका. कागद त्यांनी जाळले नाहीत, जपून ठेवले.

आता कामाचा क्रम. ओक्लाहोमात सासूबाईंच्या माहेरचं, त्यांच्या वयाचं जे कुणी असेल, त्यांना नवऱ्याने या आठवड्यातच फोन करावा. कागदपत्रं कुठे जात नाहीत, माणसं जातात. मग पणजी, आजी, सासूबाई, नवरा आणि लेक यांच्या राज्य सरकारने प्रमाणित केलेल्या दाखल्यांची जुळवाजुळव करा. नुसत्या झेरॉक्स चालत नाहीत, आणि जुन्या दाखल्यांत नावांचं स्पेलिंग बदललेलं असलं तर त्याची दुरुस्ती वेळ खाते. नवऱ्याचा आणि लेकीचा अर्ज एकत्रच भरा.